औषध संपलं, बाटलीचं काय करायचं?

औषधांच्या रिकाम्या बाटल्यांबद्दल वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : गोळ्यांच्या प्लॅस्टिकच्या बऱ्याच बाटल्या साठल्या आहेत. सगळ्या एका पिशवीत भरून पुनर्वापरासाठी दिल्या तर चालेल ना?

उत्तर : चालेल, पण आहेत तशाच दिल्या तर त्यातल्या बऱ्याच फुकट जातील. आधी बाटली उलटी करून तळ बघा. तिथे त्रिकोणात एक आकडा कोरलेला असतो, तो प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. पांढऱ्या, आरपार न दिसणाऱ्या बाटलीवर बहुधा २ असतो, म्हणजे एचडीपीई. नारिंगी पारदर्शक डबीवर ५, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. सिरपच्या प्लॅस्टिक बाटलीवर १, म्हणजे पेट. झाकण मात्र बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचंच.

पुढे कारखान्यात प्लॅस्टिकचा चुरा करून तो पाण्याच्या टाकीत सोडतात. पेट पाण्याहून जड, ते तळाशी बसतं. एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन दोन्ही तरंगतात. त्यामुळे पेटच्या बाटलीवर झाकण चुकून राहिलं तरी टाकीत ते आपोआप वेगळं होतं. पांढऱ्या बाटलीवर राहिलं तर दोघांचा चुरा एकत्र वर येतो, एकत्रच वितळतो आणि तयार होणारा प्लॅस्टिकचा दाणा ठिसूळ निघतो. म्हणून पांढऱ्या बाटलीचं झाकण आठवणीने काढा.

तोंडावरचं चंदेरी सील आपण बोटाने फोडतो, पण त्याची कडा गोल चिकटून राहते. ती नखाने किंवा चिमट्याने पूर्ण सोला. हे ॲल्युमिनियमचे कपटे प्लॅस्टिक वितळवणाऱ्या यंत्राच्या जाळीत अडकतात आणि जाळी तुंबते. आतला कापूस आणि ओल शोषणारी पुडी किंवा छोटी नळकांडी काढून मिश्र कचऱ्यात टाका. पुडीत निळे दाणे दिसले तर मुलांच्या हाती लागू देऊ नका. तो निळा रंग बहुधा कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते विषारी आहे.

राहिला आकार. यंत्रावर वर्गीकरण होतं तिथे साधारण ५ सेंटीमीटरपेक्षा लहान वस्तू चाळणीतून खाली पडतात आणि फुटक्या काचेत जाऊन मिसळतात. अशा बारक्या डब्यांचं पुढे काहीच होत नाही. हाताने निवड होत असेल तर त्या वाचतात. तेव्हा कचरा नेणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा : ५ नंबर घेता का, आणि लहान बाटल्या घेता का. तळाला आकडा आहे म्हणून ती वस्तू घेतलीच जाईल, असं नसतं.

प्रश्न : सिरपची बाटली धुऊन टाकावी म्हणतात. मग औषध गटारात जात नाही का?

उत्तर : जातं, आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणा अनेक औषधं पूर्णपणे काढू शकत नाहीत. पण न धुता दिली तर चिकट साखरेला मुंग्या लागतात, बुरशी धरते आणि सोबतचा कागदही खराब होतो. यावर उपाय असा : बाटली झाकण काढून तासभर पालथी ठेवा, खाली जुन्या कागदाची जाड घडी. मग चमचाभर कोमट पाणी घाला, झाकण लावून जोरात हलवा आणि ते पाणी त्याच कागदावर किंवा मूठभर लाकडी भुशावर ओता. ते सगळं पिशवीत घट्ट बांधून मिश्र कचऱ्यात. बहुतेक औषध या पहिल्याच पाण्यात निघून येतं. दुसरं पाणी बेसिनमध्ये सोडलंत तरी हरकत नाही.

उकळतं पाणी वापरू नका. पेट ७० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडून वेडंवाकडं होतं आणि गार काचेला तडा जातो.

काही बाटल्या मात्र धुवायच्याच नाहीत. कॅन्सरची औषधं, मेथोट्रेक्सेट (हे संधिवातावरही देतात) आणि संप्रेरकांची (हार्मोन्सची) औषधं ज्यात होती त्या बाटल्या झाकण लावून, पिशवीत बांधून औषध दुकानात किंवा रुग्णालयात परत करा. तिथून त्या जाळण्यासाठी वेगळ्या जातात. मेथोट्रेक्सेटच्या बाटलीतल्या भुकटीला गरोदर स्त्रीने हातही लावू नये. बाटलीत अर्धं औषध शिल्लक असेल तर ती रिकामी बाटली नव्हेच. तीही परत करायची.

प्रश्न : लेबल काढायलाच हवं का? पाण्यात भिजवूनही निघत नाही.

उत्तर : पुनर्वापरासाठी नसेल तरी इतर दोन कारणांसाठी काढायला हवं. एक, त्यावर तुमचं नाव, कधी पत्ता, आणि तुम्हाला कोणता आजार आहे याचा अंदाज देणारं औषधाचं नाव असतं. दोन, लेबलासकट शाबूत बाटली आणि तिचं खोकं ही नकली औषध भरणाऱ्यांना आयती मिळालेली चीज असते. महागड्या इंजेक्शनच्या बाबतीत ही भीती अधिक. म्हणून खोकं फाडून टाका, तेही बाटलीसोबत नको.

कागदी लेबल साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवलं की सुटतं. प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याचं असेल तर पाणी आत शिरतच नाही. त्यावर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मिनिटभर सोडा, एक कोपरा उचला आणि सावकाश ओढा. घाई केली की फाटतं. उरलेल्या डिंकावर खायचं तेल चोळून पंधरा मिनिटं ठेवा, पुसा आणि साबणाने धुवा.

जाड पेनने नाव खोडणं बऱ्याचदा पुरत नाही, बाटली उजेडात तिरकी धरली की खालची अक्षरं वाचता येतात. पण लेबल थर्मल छपाईचं, म्हणजे उष्णतेने अक्षरं उमटणारं, असेल तर काम सोपं. नखाने जोरात ओरखडा काढा. काळी रेघ उमटली तर ते थर्मल. त्यावर गरम हवा सोडली की सगळं लेबल काळं पडतं आणि नाव त्यातच बुडतं.

प्रश्न : इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या इतर काचेत टाकल्या तर काय बिघडतं? काच ती काच.

उत्तर : बिघडतं. सिरपची तपकिरी बाटली सहसा साध्या सोडा-लाइम काचेची असते. झाकण काढून, धुऊन ती काचेच्या कचऱ्यात बेलाशक द्या. मानेवर राहणारी ॲल्युमिनियमची कडी पक्कडीने सहज निघाली तर काढा, नाहीतर राहू द्या. इंजेक्शनची कुपी मात्र बहुतांशी बोरोसिलिकेट काचेची. ही काच मऊ व्हायला साध्या काचेपेक्षा शंभरेक अंश जास्त तापमान लागतं. भट्टीत तिचे तुकडे अर्धवट विरघळतात, नव्या बाटलीत गाठीसारखे राहतात आणि दोन्ही काचा गार होताना कमीजास्त आकसत असल्यामुळे बाटली नेमकी त्या गाठीपाशी तडकते.

म्हणून कुप्या वेगळ्या ठेवून वैद्यकीय कचऱ्यात द्यायच्या. वरचं धातूचं सील सुरीने उचकटू नका, हात कापून घ्याल आणि हाती काहीच लागणार नाही. मान तोडलेले ॲम्प्यूल (मान तोडूनच उघडायच्या काचेच्या कुप्या) आणि सुया जाड प्लॅस्टिकच्या, स्क्रूच्या झाकणाच्या डब्यात टाका. डबा तीन चतुर्थांश भरला की झाकणाला टेप लावून बंद करा. वरून दाबून जागा करायला जाऊ नका. सुया टोचतात त्या तिथेच.

प्रश्न : चांगल्या बाटल्या टाकवत नाहीत. घरात कशासाठी वापराव्यात?

उत्तर : स्क्रू, खिळे, बटणं, बिया यांसाठी खुशाल वापरा. खायच्या वस्तू नकोत. प्लॅस्टिकमध्ये मुरलेला वास आणि औषधाचा अंश घरच्या धुण्याने पूर्ण जाईलच असं नाही. एका औषधाच्या बाटलीत दुसऱ्या गोळ्या भरणं तर सर्वांत वाईट. जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या त्यांच्या मूळ काचेच्या बाटलीतच राहायला हव्यात. त्यातलं औषध उडून जातं, प्लॅस्टिकमध्ये शोषलंही जातं, आणि छातीत दुखू लागेल तेव्हा नुसती भुकटी तोंडात येते.

प्रश्न : इनहेलर आणि नाकातल्या स्प्रेचं काय?

उत्तर : दोन्ही वेगळे. नाकाच्या स्प्रेच्या पंपात प्लॅस्टिकबरोबर बारीक स्प्रिंग असते, त्यामुळे पंप मिश्र कचऱ्यात आणि बाटली तळाच्या आकड्यानुसार. दाबून घ्यायच्या इनहेलरची धातूची नळी औषध संपलं तरी वायूने भरलेली असते. तिला भोक पाडू नका, आगीजवळ ठेवू नका. औषध दुकान परत घेत असेल तर तिथेच द्या. बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण नळीपासून सुटं होतं, ते आधी काढून ठेवा.