काल्पनिक जगाच्या दिनदर्शिकेत दरवर्षी तारीख आणि वार जुळवता येतात का?

येतात, आणि त्याचा सर्वांत सुबक नमुना मला टोल्कीन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीच्या परिशिष्टात दिलेल्या, शायर नावाच्या काल्पनिक प्रदेशाच्या दिनदर्शिकेत दिसतो. तिच्यात प्रत्येकी ३० दिवसांचे १२ महिने असून उरलेले ५ दिवस कोणत्याही महिन्यात मोडत नाहीत: २ वर्षसंधीला येतात, तर ३ ऐन उन्हाळ्यात. त्यांपैकी वर्षाच्या नेमक्या मधल्या दिवसाला, तसेच लीप वर्षात त्यालाच जोडून येणाऱ्या जादा दिवसाला वारच नसल्यामुळे मोजणीत ३६४ दिवस, म्हणजे पूर्ण ५२ आठवडे राहतात आणि प्रत्येक तारीख कायम त्याच वारी येते. तुमच्या जगातही असे बिनवाराचे दिवस जरूर ठेवावेत, मात्र ते केवळ हिशेबाची सोय न राहता लोकांचे सण व्हावेत. शायरमध्ये ते मेजवान्यांचेच दिवस आहेत.