बोन्सायला वीट घालायची, पण कशी?

प्रश्न : माझ्याकडे आठेक वर्षांचा पिंपळाचा बोन्साय आहे. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचतं आणि पानं पिवळी पडून गळतात. नर्सरीवाल्यांनी सांगितलं म्हणून मागच्या वर्षी विटेचा चुरा घातला तर माती अजूनच गच्च झाली. ऑनलाइन अकादामा ही बोन्सायची जपानी माती बघितली, खूप महाग आहे, भाजलेल्या मातीच्या गोल गोळ्यापण मिळतात. काय घेऊ? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, अहो वीटच वापरा, फक्त त्यातलं पीठ काढून टाका. ते पीठ दाण्यांच्या फटीत जाऊन बसतं, मग पाणी उतरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. बोन्सायच्या उथळ कुंडीत हे जास्तच होतं, का ते घरी बघा, भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, गळायचं थांबलं की तोच उभा करा, परत पाणी गळायला लागेल. म्हणजे कुंडी जेवढी उथळ तेवढी माती ओली राहणार, म्हणून दाणा जाडच पाहिजे, ३ ते ५ मिलिमीटर, ज्वारी-तुरीएवढा. गव्हाच्या चाळणीने चाळा, खाली पडेल ते टाकून द्या आणि चाळणीवर राहतील ते दाणे, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवा. फोडायच्या आधी वीट भिजवून घ्या आणि तोंडाला रुमाल बांधा, ती धूळ छातीला वाईट.

आता वीट कुठली, तर वाजवून खणखणीत आवाज येईल ती. फोडल्यावर आतपर्यंत एकसारखी लाल पाहिजे, पांढरे चुनखडीचे खडे दिसले तर नको. दोन-चार तुकडे दोन दिवस पाण्यात ठेवून बोटांनी चोळा, चिखल झाला तर ती कच्ची, साधारण ६०० अंशांच्या आसपास माती कायमची पक्की होते, तेवढी धग तिला लागलेलीच नसते. आणि जळून काळी-चकचकीत झालेलीही नको, तिची छिद्रं बुजलेली असतात, पाणी धरत नाही. लोणा लागलेली जुनी वीट तर अजिबात नको, त्यातलं मीठ मुळांना लागतं.

अकादामा खरं तर वीट नव्हेच, जपानच्या कान्तो भागातली ज्वालामुखीच्या राखेची माती आहे ती, वाळवून चाळलेली. चांगली असते पण काही वर्षांत तिचाही भुगा होतो, आपल्या पिंपळासाठी एवढा खर्च करू नका असं मला मनापासून वाटतं. गोल गोळ्या घरंगळतात, झाड डुगडुगतं, फोडून वापरल्या तर ठीक.

मी सहा भाग वीट, दोन भाग जाड वाळू, दोन भाग चाळलेलं गांडूळखत घेते. विटेत खत फार टिकत नाही, त्यामुळे पेंडीचं पाणी थोडं थोडं, पण पंधरा दिवसांनी देत राहा. कुंडी जूनमध्ये बदला, बदलल्यावर नवी पालवी फुटेपर्यंत पेंड नको, आणि झाड तारेने कुंडीला घट्ट बांधा, हललं की नवी मुळं तुटतात.