तक्त्यात स्टार आला नाही

“मॅडम, स्टार आलाच नाही.”

खुर्चीवर नीट बसायच्या आधीच तो हे बोलला. मग त्याने लॅपटॉप उघडून माझ्याकडे वळवला. सहसंबंधाचा, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने कमी-जास्त होतात ते दाखवणारा तक्ता होता. एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन गोष्टींमधला संबंध ‘सिग्निफिकंट’, म्हणजे नुसता योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा निघाला की त्या आकड्याच्या डोक्यावर छोटी चांदणी उमटते. त्याच्या आकड्यावर ती नव्हती.

हा मुलगा व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला होता, विषय फायनान्स. काही वर्षं नोकरी करून पुन्हा शिकायला आलेला. ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत. त्याची गोष्ट मात्र त्याच्या परवानगीने सांगते आहे, कारण प्रबंध जमा करायचे दिवस जवळ आले की हीच काळजी घेऊन कुणी ना कुणी समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसतं: ‘निकाल सिग्निफिकंट आला नाही, म्हणजे माझं संशोधन फुकट गेलं का? आता मला नापास करतील का?’

त्याचा प्रश्न चांगला होता. ज्यांना पैशाच्या व्यवहाराची समज जास्त, ते गुंतवणुकीत जोखीम घ्यायला जास्त तयार असतात का? त्याने ८४ जणांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. सहसंबंध आला ०.१८ आणि पी-व्हॅल्यू ०.१०. वर्गात शिकवलेली रेघ ०.०५ ची: पी-व्हॅल्यू त्याहून कमी आली तरच निकाल ‘सिग्निफिकंट’. त्या रेघेच्या पलीकडे आपण पडलो, एवढंच त्याला दिसत होतं.

तीन आठवडे झोप धड नव्हती. पहाटे जाग यायची आणि तो अंथरुणातच लॅपटॉप उघडून तीच चाचणी पुन्हा चालवायचा. गाईड मॅडमचे दोन फोन त्याने उचलले नव्हते. “त्यांना निकाल सांगितलास?” असं मी विचारलं, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग खाली बघत म्हणाला, “त्यांना दुसरा निकाल पाठवलाय.”

दुसरा निकाल म्हणजे काय, हे हळूहळू बाहेर आलं. एका रात्री त्याने ज्या प्रश्नावल्या आपल्या गृहीतकाच्या विरुद्ध जात होत्या त्या शोधून सहा जणांना फाइलीतून काढून टाकलं. ७८ जण उरले. सहसंबंध ०.२४ झाला, पी-व्हॅल्यू ०.०३ आणि चांदणी उगवली. तोच तक्ता त्याने मेल केला. मॅडमचं उत्तर आलं: ‘छान, पुढे लिही.’ त्या एका ‘छान’ने त्याची उरलीसुरली झोपही गेली.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. विद्यार्थी असं काही कबूल करतो, तेव्हा समोरच्याचा चेहरा तो डोळ्यांत तेल घालून वाचत असतो. मी दचकले असते किंवा लगेच ‘जाऊ दे, सगळेच करतात’ म्हणाले असते, तर दोन्हींचा परिणाम एकच झाला असता. तो परत आला नसता. मी म्हटलं, “हे सांगणं सोपं नव्हतं. मूळ फाइल अजून आहे ना?” होती. ‘जुनी’ असं नाव देऊन एका फोल्डरच्या आत ठेवलेली. ती त्याने पुसली नव्हती, याला मी फार महत्त्व दिलं आणि तसं त्याला सांगितलंही. ज्याला खरोखर लपवायचं असतं, तो मूळ फाइल जपून ठेवत नाही.

पहिल्या भेटीत मी आकड्यांना हात लावला नाही. एका कागदावर मध्ये रेघ मारली. डावीकडे जे घडलं ते लिहायचं, उजवीकडे त्यावरून स्वतःबद्दल जे वाटतं ते. डावीकडे पाचच ओळी झाल्या: ८४ प्रश्नावल्या, ०.१८, ०.१०, सहा काढल्या, मॅडमना कळवलं नाही. उजवी बाजू पान उलटूनही संपेना. ‘मला हे जमतच नाही. नोकरी सोडून आलो ही चूक केली. वर्गातल्या सगळ्यांचे निकाल आले, माझाच आला नाही. मी खोटारडा आहे.’

शेवटच्या वाक्यावर आम्ही बराच वेळ घालवला. ‘मी चुकीचं काम केलं’ आणि ‘मी माणूसच वाईट आहे’ यांत फार अंतर आहे. पहिल्या वाक्यातून वाट निघते, कारण काम दुरुस्त करता येतं. दुसऱ्या वाक्याने माणूस तोंड लपवतो आणि लपवालपवीत चूक वाढत जाते. फोन न उचलणं हे त्या दुसऱ्या वाक्याचंच फळ होतं. फोन टाळला की तासभर बरं वाटायचं आणि पुढच्या फोनची धास्ती दुप्पट व्हायची.

दुसऱ्या भेटीत आम्ही तक्ता उघडला. मी संख्याशास्त्राची शिक्षिका नाही, पण मानसशास्त्र शिकताना हा विषय मलाही घ्यावा लागला होता, आणि या एका भीतीचं मूळ अर्धवट शिकलेल्या संख्याशास्त्रात असतं असं माझं स्पष्ट मत झालं आहे. मी त्याला विचारलं, “ही ०.०५ ची रेघ कुणी आखली?” त्याला माहीत नव्हतं. ती निसर्गातून आलेली नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात वीसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली आणि वापरता वापरता ती लक्ष्मणरेषा होऊन बसली. २०१६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला निवेदन काढून सांगावं लागलं की वैज्ञानिक निष्कर्ष काय किंवा व्यवसायातले निर्णय काय, केवळ पी-व्हॅल्यू एखाद्या रेघेच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढ्यावरून घेऊ नयेत. व्यवसायाचा उल्लेख त्यात आहे हे ऐकून तो पहिल्यांदा ताठ बसला.

मग मी म्हटलं, “०.१० म्हणजे काय ते मला साध्या भाषेत सांग.” तो म्हणाला, “माझं गृहीतक खोटं असण्याची शक्यता दहा टक्के.” हा गैरसमज इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे की त्याला मी दोष देत नाही. खरा अर्थ असा: या दोन गोष्टींत मुळात काहीच संबंध नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा सहसंबंध नुसत्या योगायोगाने शंभरात दहा वेळा दिसला असता. ‘संबंध नाही’ असं हा आकडा कुठेच म्हणत नाही.

काय म्हणता येतं, ते आम्ही विश्वासांतराळावरून (कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकेल याचा अंदाज) पाहिलं. ०.१८ आणि ८४ जण यावरून ते निघतं साधारण उणे ०.०४ पासून ०.३८ पर्यंत. म्हणजे त्याच्या पाहणीशी शून्य संबंधही जुळतो आणि बऱ्यापैकी ठळक संबंधही. तो त्या आकड्यांकडे बघत म्हणाला, “म्हणजे मला नक्की माहीत नाही, एवढंच खरं आहे.” मी म्हटलं, “हो. आणि किती माहीत नाही, तेही आता तुला आकड्यात सांगता येतंय.”

८४ हा आकडा कुठून आला, हेही विचारलं. गाईड मॅडमनी मध्यम, म्हणजे ०.३ चा संबंध धरून नमुना ठरवायला सांगितला होता आणि तो हिशोब बरोबरच होता. ०.३ चा संबंध ८० टक्के खात्रीने पकडायला साधारण तेवढेच लोक लागतात. पण खरा संबंध ०.२ च्या आसपास असेल तर त्याच खात्रीसाठी १९० हून जास्त लोक हवेत. आणि तो ०.१८ च असेल, तर ८४ जणांत चांदणी उगवण्याची शक्यता शंभरात चाळीससुद्धा नाही. ज्या गोष्टीसाठी तो तीन आठवडे स्वतःला कोसत होता, ती घडणंच जास्त संभवनीय होतं. हे ऐकल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘मला हे जमतच नाही’ या वाक्याची ही तपासणी त्याने स्वतःच्या हाताने केली होती.

सहा प्रश्नावल्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच होता. त्या पुन्हा उघडल्यावर कळलं की सहाही सारख्या नव्हत्या. दोघांनी वरपासून खालपर्यंत एकच पर्याय टिकमार्क केला होता, अगदी उलट अर्थाच्या विधानांनाही. अशी न वाचता भरलेली प्रश्नावली वगळता येते, मात्र नियम सगळ्यांना सारखा लावावा लागतो आणि अहवालात सांगावा लागतो. उरलेल्या चौघांनी मात्र मन लावून उत्तरं दिली होती. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांना पैशातलं बरंच कळत होतं आणि तरी जोखीम नको होती. मी विचारलं, “ही माणसं भेटली तर त्यांना काय सांगशील?” तो हसला नाही, रडलाही नाही. म्हणाला, “त्यांनी वेळ काढून भरलं होतं.”

प्रश्नावल्या काढल्या त्या रात्री त्याने वयानुसार, उत्पन्नानुसार, स्त्री-पुरुषांनुसार अशाही बऱ्याच चाचण्या चालवल्या होत्या. कुठेच काही संबंध नसताना वीस वेगवेगळ्या चाचण्या केल्या, तरी त्यांतल्या निदान एकीत चांदणी उगवण्याची शक्यता ६४ टक्के असते. हा हिशोब कागदावर करून बघितल्यावर त्याच्या डोळ्यांतली चांदणीची झिलई उतरली. मला हे हवं होतं. स्टारची हाव नुसत्या उपदेशाने सुटत नाही.

यापुढचं काम त्याच्या गाईडचं होतं, माझं नव्हतं. पण त्यांच्या दारापर्यंत त्याला पोहोचवणं माझं काम होतं. आम्ही मेलचा मसुदा केला. पहिल्या मसुद्यात माफी सात वेळा होती आणि मुद्दा शेवटच्या ओळीत. शेवटी असा राहिला: ‘मॅडम, मी पाठवलेल्या तक्त्यात सहा प्रश्नावल्या मी निकाल बघून वगळल्या होत्या आणि तुम्हाला ते सांगितलं नव्हतं. ही माझी चूक झाली. मूळ फाइल सोबत जोडली आहे. त्यातल्या दोनच वगळण्याजोग्या वाटतात, कारण खाली दिलं आहे. पुढे कसं जायचं यासाठी मला भेटायचं आहे.’ ‘पाठवा’चं बटण त्याने माझ्यासमोरच दाबलं. एकट्याने घरी दाबायला जमणार नाही, असं तोच म्हणाला होता.

मॅडम रागावल्या. ते योग्यच होतं, आणि ते त्याला आधी सांगून ठेवलं होतं म्हणून तो कोसळला नाही. रागावून झाल्यावर त्यांनी दोन तास बसून त्याच्याबरोबर विश्लेषण पुन्हा केलं. आठवडाभराने मला भेटला तेव्हा म्हणाला, “ओरडल्या, पण मूळ फाइल ठेवलीस हे बरं केलंस असंही म्हणाल्या.”

प्रत्येकाचे गाईड असे नसतात, हे मला माहीत आहे. काही विद्यार्थ्यांना ‘काहीतरी पॉझिटिव्ह घेऊन ये’ असं गाईडच सांगतात. तसं असेल तर मी आधी एवढंच करायला सांगते: ‘हे निरीक्षण कोणत्या कारणाने वगळायचं, ते मी अहवालात कसं लिहू?’ असं आदराने, पण लेखी विचारायचं. बहुतेक वेळा प्रश्न लेखी आला की सूचना मवाळ होते. तरीही झाली नाही, तर विभागात वरिष्ठांकडे जाण्याची वाट असते आणि त्या वाटेवर एकट्याने जायची गरज नसते. न आलेले निकाल खणात पडून राहण्याच्या प्रकाराला मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९७९ साली ‘फाइल ड्रॉवर’ची समस्या म्हटलं होतं. त्याच विषयावर पुढे काम करणाऱ्याला हे निकाल दिसत नाहीत आणि त्याला चित्र आहे त्याहून गुलाबी वाटतं. म्हणून चांदणी नसलेला प्रबंध मला वाया गेलेला वाटत नाही. कुणाला तरी तो उपयोगी पडणार असतो.

त्याने शेवटी जे लिहिलं ते असं होतं. दोन प्रश्नावल्या कोणत्या नियमाने वगळल्या, वगळल्याशिवाय निकाल काय (पी-व्हॅल्यू ०.१०) आणि वगळून काय (०.०८), दोन्ही शेजारी शेजारी. विश्वासांतराळ. नमुना छोट्या संबंधासाठी अपुरा होता, याची कबुली. आणि एक परिच्छेद त्या चौघांसारख्या माणसांवर, ज्यांना समज आहे पण जोखीम नको आहे. घरची जबाबदारी, उत्पन्नाची शाश्वती असं काहीतरी मध्ये येत असेल, पुढच्या अभ्यासात ते मोजावं, अशी सूचना. तो परिच्छेद मी दोनदा वाचला. सबंध प्रबंधातला तोच सर्वांत जिवंत होता.

व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं: दोघांना का काढलं? त्याने नियम दाखवला, दोन्ही निकाल दाखवले. “घसा कोरडा पडला होता,” तो म्हणाला, “पण लपवायचं काही नव्हतं, म्हणून बोलता आलं.”

मार्क किती पडले ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. झोप लागते का, एवढंच विचारलं. लागते, म्हणाला, आणि लॅपटॉप आता दुसऱ्या खोलीत असतो.