वेगाचा ड्राइव्ह वेगळा, जपणुकीचा वेगळा

प्रश्न : आमचा जुना संगणक विंडोज ११ घेत नाही, म्हणून सुटे भाग आणून नवा डेस्कटॉप घरीच जोडायचा, असे मी आणि माझ्या मुलीने ठरवले आहे. माझे वडील कीर्तनकार होते. त्यांच्या कीर्तनांच्या ९० मिनिटांच्या ६२ कॅसेट मी संगणकावर उतरवून घेतल्या असून, त्यानंतर कॅसेटना बुरशी लागली. घरचे फोटो आणि व्हिडिओ धरून सारे मिळून सुमारे ७०० जीबी भरते. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने २ टीबीचा जेन ५ एनव्हीएमई ड्राइव्ह सुचवला आहे आणि हार्ड डिस्कचे दिवस गेले, असे त्याचे म्हणणे आहे. जुन्या संगणकातली २०१३ सालची १ टीबीची हार्ड डिस्क नव्यात बसवावी का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : विंडोज पुन्हा टाकता येते, प्रोग्रॅम पुन्हा उतरवून घेता येतात, मुलीचा प्रकल्प गेला तर ती रडून का होईना पुन्हा करील, परंतु कॅसेटना बुरशी लागल्यावर तुमच्या वडिलांचा आवाज आता त्या एका जुन्या डिस्कवरच उरला आहे, हे तुमच्या पत्रातले सर्वांत गंभीर वाक्य आहे. म्हणून नवा संगणक येण्याची वाट न पाहता आजच त्या फाइलींची एक प्रत दुसरीकडे काढावी. सीडीच्या दर्जाने केलेल्या ध्वनिमुद्रणाला तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात, त्या हिशेबाने ६२ कॅसेट ६० जीबीच्या आत बसतात. घरातल्या कोणाच्याही लॅपटॉपवर तूर्त एवढी जागा निघेल.

आता खरेदीकडे येऊ. ज्या ड्राइव्हवरून संगणक सुरू होतो आणि रोजचे काम चालते, तो एनव्हीएमई, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवरच्या (मदरबोर्डवरच्या) खाचेत थेट बसणारा वेगवान एसएसडी, असावा, यात शंका नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर (फिरत्या तबकड्यांऐवजी चिपांत माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हवर) आलेल्या माणसाला संगणकच बदलल्यासारखे वाटते. सेकंदाला हार्ड डिस्क साधारण १५० ते २५० एमबी देते, साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीचा) एसएसडी ५५० पर्यंत जातो, जेन ३ (तिसऱ्या पिढीचा) एनव्हीएमई ३,५०० पर्यंत आणि जेन ४ सुमारे ७,००० पर्यंत. जेन ५ त्याच्याही पुढे जातो. मात्र हे आकडे मोठी फाइल सलग वाचतानाचे आहेत. विंडोज सुरू होताना किंवा एखादा प्रोग्रॅम उघडताना हजारो लहान लहान फाइली वाचल्या जातात आणि तिथे जेन ४ व जेन ५ यांतला फरक घरच्या वापरात जाणवत नाही. शिवाय तुमचे ७०० जीबी ज्या जुन्या डिस्कवरून यायचे आहेत, ती सेकंदाला फार तर १००-१५० एमबी देणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जेन ५ ड्राइव्ह तापतोही अधिक, त्याला चांगला हीटसिंक (उष्णता शोषून बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लागतो, आणि मे महिन्यात पंख्याखाली चालणाऱ्या मुंबईच्या खोलीत ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नाही. तेव्हा टीएलसी प्रकारच्या (एका कप्प्यात तीन बिट साठवणाऱ्या) चिपांचा १ टीबीचा जेन ४ ड्राइव्ह घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत २ टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्याव्यात : एक कॅबिनेटमध्ये बसवायची आणि एक यूएसबीने जोडायची, बाहेरची.

आतली डिस्क घेताना ती सीएमआर आहे की एसएमआर, हे कंपनीच्या तपशीलपत्रकात पाहावे. एसएमआर डिस्कवर माहितीचे पट्टे मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, सीएमआर डिस्कवर ते शेजारी शेजारी असतात. एसएमआरमुळे कमी जागेत जास्त मावते खरे, पण मधले एक कौल बदलायचे तर त्यावर टेकलेली कौलेही उचलावी लागतात, आणि बराच वेळ सलग लिहिताना अशी डिस्क फार मंदावते. थोडे अधिक पैसे पडले तरी आतली डिस्क सीएमआरच असावी. २०१३ ची डिस्क टाकून देऊ नये, पण तिच्यावर भिस्तही ठेवू नये. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ती एकूण किती तास चालली आहे आणि तिचे किती सेक्टर (माहिती साठवण्याचे लहान कप्पे) खराब झाल्याने बदलून घेतले गेले आहेत, हे दिसते. सेक्टरांचा आकडा शून्य नसेल आणि महिन्याकाठी वाढत असेल, तर तिच्यावर नवे काही लिहू नये.

बाहेरची डिस्क मी मुद्दाम सुचवत आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आम्ही कुर्ल्याला तळमजल्यावर राहत होतो. मी फोटोंच्या दोन प्रती ठेवत असे, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर. मात्र दोन्ही डिस्क एकाच कॅबिनेटमध्ये होत्या आणि कॅबिनेट जमिनीवर होते. पाणी ओसरल्यावर त्याच्या पत्र्यावर गाळाची रेघ उमटलेली दिसली, ती दोन्ही डिस्कच्या वर होती. हार्ड डिस्कच्या झाकणाला हवेसाठी टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असते आणि ते झाकू नये, अशी सूचना शेजारी छापलेली असते. त्याच छिद्रातून पाणी आत गेले होते. माझ्या आईचे अखेरच्या वर्षातले फोटो त्यात होते. तेव्हापासून मी प्रत मोजताना घरेही मोजतो. तुमची बाहेरची डिस्क बहिणीकडे किंवा कार्यालयाच्या कपाटात ठेवावी, दर तीन महिन्यांनी आणून ताजी करावी आणि काम झाले की परत पोहोचवावी.

जोडणीविषयी तीन गोष्टी सांगतो. एनव्हीएमई ड्राइव्ह खाचेत तिरका सरकवायचा असतो. तो थोडा वर उचललेला राहतो, मग बोटाने हलकेच दाबून स्क्रू लावावा. मदरबोर्डच्या हीटसिंकखालच्या पॅडवर पारदर्शक फिल्म असते, ती आधी सोलावी. ती तशीच राहिल्याने ड्राइव्ह तापलेले मी पाहिले आहेत. दुसरे, विंडोज टाकताना फक्त एनव्हीएमई ड्राइव्ह जोडलेला असावा, कारण दुसरी डिस्क लावलेली असली तर सुरुवातीचा भाग कधी कधी तिच्यावर जाऊन बसतो आणि पुढे ती काढली की संगणक सुरूच होत नाही. तिसरे सर्वांत महत्त्वाचे. एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) सुट्या होणाऱ्या केबल त्याच एसएमपीएसच्या असाव्यात. टोके सारखी दिसली तरी आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असू शकतो आणि दुसऱ्याची केबल लावली तर डिस्क क्षणात जळू शकते.

खरेदी लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, खुशाल करावी. मात्र जीएसटीचे बिल घ्यावे, त्यावर अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर घालून वॉरंटी भारतात लागू आहे का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. नव्या म्हणून विकलेल्या डिस्कचे तास घरी आल्यावर शेकड्यांत दिसले, तर ती त्याच दिवशी परत करावी.

प्रश्न : १ टीबीचा एसएसडी घेतला, पण विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसतात. माझी फसवणूक झाली का? — एक वाचक, दादर

उत्तर : नाही. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट मोजते, तर विंडोज जीबी मोजताना १,०२४ ने तीनदा भागते. त्यातून ९३१ येतात.

प्रश्न : फोटोंची प्रत एसएसडीवर घेऊन बँकेच्या लॉकरमध्ये दहा वर्षे ठेवली तर चालेल का? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : लॉकरचा विचार उत्तम आहे, पण त्यासाठी एसएसडी नको. एसएसडीमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते आणि वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू गळतो, उष्णतेत अधिक वेगाने. घरगुती एसएसडी पुरता वापरून झाल्यावर ३० अंश सेल्सियसला विजेविना एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा जेईडीईसी या चिप उद्योगाची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात आहे. नवा ड्राइव्ह याहून बराच जास्त टिकतो, तरी दहा वर्षांचा भरवसा त्याच्यावर ठेवू नये. लॉकरसाठी हार्ड डिस्क घ्यावी, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद पिशवीत ठेवावी आणि वर्षातून एकदा घरी आणून काही फाइली खरोखर उघडून पाहाव्यात. दिवाळीला दागिने काढायला लॉकर उघडतोच. तेव्हाच डिस्कही पिशवीत घालावी.