रविवारी डिचोलीहून नार्वेच्या फेरीबोटीने गोव्यातल्या दिवाडी बेटावर जायचंय, पण पावसाळाभर उभ्या सायकलचे दोन्ही टायर बसलेत. ट्यूब बदलू का?

लगेच नको. दोन्ही टायर एकदम बसले असतील तर बहुधा पंक्चर नाही, नुसती हवा गेलीय. रबरातून हवा हळूहळू झिरपतेच. साधी सायकल असेल तर व्हॉल्व्हमधली छोटी रबरी नळी बघा. आमच्या दमट हवेत ती चिकट होऊन फाटते. माझी तर बोटांत तुकडे होऊन आली. नवी घातली, काम झालं.

आज, म्हणजे शुक्रवारीच हवा भरा. किती भरायची ते टायरच्या कडेलाच पीएसआयमध्ये (हवेच्या दाबाचं माप) छापलेलं असतं. शनिवारी सकाळी अंगठ्याने दाबून बघा. दोन्ही टणक असतील तर रविवारी निघा. एकच बसला असेल तर ट्यूब बादलीत बुडवा, बुडबुडे दिसतील तिथे पॅच. त्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, पण जपून! काटा तिथेच राहिला तर नवी ट्यूबही जाईल. टायरच्या कडेला भेगा असतील तर मात्र टायरच बदला.

सोबत एक ट्यूब आणि हातपंप ठेवाच. बेटावर रविवारी पंक्चरवाला उघडा सापडेल या भरवशावर मी तरी निघणार नाही.