डि'सोझा लिहिलं की फॉर्म अडतो

प्रश्न: माझं आडनाव डि'सोझा, मधे अपॉस्ट्रॉफीचं (') चिन्ह. ऑनलाइन फॉर्म भरताना लाल अक्षरात 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' येतं. एकीकडे कसंबसं चाललं तर पावतीवर छापून आलं 'डि'सोझा'! विमानाच्या तिकिटावर तर चिन्हच गायब, पासपोर्टवर मात्र आहे. एअरपोर्टवर अडवतील का? की आडनावच सलग करून टाकू?

उत्तर: आडनाव अजिबात बदलू नका हो, त्यात काही चूक नाहीये. होतं काय, डेटाबेसला हुकूम द्यायची जी भाषा आहे ना एसक्यूएल, तिच्यात मजकूर कुठे सुरू झाला नि कुठे संपला हे दाखवायला हेच चिन्ह वापरतात, त्यामुळे 'डि' झाल्या झाल्या मशीनला वाटतं नाव संपलं आणि पुढचं 'सोझा' हा कुठला नवीन हुकूम म्हणून ते बसतं गोंधळून. याच फटीतून हॅकर आपले हुकूम आत सरकवतात (एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच), मग घाबरलेला प्रोग्रामर सरळ चिन्हालाच बंदी करतो. आळशीपणा आहे हा, दुसरं काही नाही. नाव हुकुमात न चिकटवता पॅरामीटर म्हणून, म्हणजे नुसती माहिती म्हणून, वेगळं पाठवलं की झालं, मग नावात काहीही असू दे.

पावतीवरचं 39 म्हणजे त्या चिन्हाचा आस्की नंबर (कॉम्प्युटरमध्ये अक्षरांना नि चिन्हांना दिलेला क्रमांक). वेबपेजवर दाखवताना चिन्हाऐवजी हा कोड घालतात आणि ब्राउझर त्याचं परत चिन्ह करतो, पण तुमच्या केसमध्ये बहुतेक तो कोडच नाव म्हणून सेव्ह झालाय, आणि प्रिंटरला काय, तो दिलं ते छापणार.

अजून एक गंमत, फोनचा कीबोर्ड बऱ्याचदा सरळ चिन्हाऐवजी वाकडं (’) टाकतो. आपल्याला दोन्ही सारखीच दिसतात पण कॉम्प्युटरला ती वेगळी अक्षरं, म्हणून कधी कधी नाव यादीत असून सर्चमध्ये सापडत नाही.

तिकिटाचं टेन्शन नको. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात ना, त्या मशीनसाठी, आणि आंतरराष्ट्रीय नियमानुसार तिथे हे चिन्ह गाळून नाव सलगच लिहितात. तुमच्याच पासपोर्टवर बघा. तिकिटावर तसंच सलग असेल तर ते जुळतंच. फॉर्म अडला तर तिथेही सलगच टाका, मधे स्पेस नको, नाहीतर काही सिस्टीम 'डि'ला मधलं नाव समजून बसतात आणि मग ते निस्तरायला वेगळे फोन करत बसा.