आपोआप जुळवून घेणारा मज्जारज्जू उद्दीपक: यंत्र नेमके काय मोजते?

आपण विचारले आहे ते असे: पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही राहिलेल्या वेदनेसाठी आपल्या शरीरात काही वर्षांपासून मज्जारज्जू उद्दीपक, म्हणजे मज्जारज्जूला विद्युतप्रवाह देऊन वेदना कमी करणारे स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर हे यंत्र, आहे. उताणे झोपताच झटका बसतो, उभे राहिल्यावर फारसे काही जाणवत नाही आणि दिवसभर रिमोट हाताशी ठेवावा लागतो. आता बॅटरी संपत आल्यामुळे डॉक्टरांनी विद्युतप्रवाह स्वतःहून कमी-जास्त करणारे यंत्र सुचवले आहे. आपल्याला किती सोसते हे यंत्राला कसे कळणार आणि त्याच्या हाती ताबा देणे कितपत सुरक्षित, असे आपले दोन प्रश्न आहेत. मी नऊ वर्षे जुन्या पद्धतीचे यंत्र वापरले आणि गेली दोन वर्षे नव्या पद्धतीचे वापरत आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पुढचे सगळे एका जुन्या रुग्णाचे बोलणे समजावे.

पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की आपल्याला किती सोसते हे यंत्राला कळत नाही. वेदनाही कळत नाही. वेदना मोजणारे यंत्र अजून कोणाकडेही नाही. ते मोजते ती दुसरीच एक गोष्ट, आणि ती समजून घेतली की अपेक्षाही योग्य राहतात आणि भीतीही बरीच ओसरते.

आधी झटका का बसतो ते पाहू. लीड म्हणजे यंत्रातून प्रवाह पोचवणारी बारीक तार मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर असते. तिच्या आणि मज्जारज्जूच्या मध्ये आवरण आणि द्रवाचा थर असतो आणि त्या द्रवात मज्जारज्जू थोडासा हलतो. उताणे झोपल्यावर तो मागे, म्हणजे लीडकडे सरकतो, तर उभे राहिल्यावर पुन्हा दूर जातो. अंतर बदलते ते जेमतेम काही मिलिमीटर, पण तेवढ्यानेही तोच प्रवाह एका स्थितीत झोंबतो आणि दुसऱ्या स्थितीत पोचतच नाही. खोकला, शिंक, खळखळून हसणे यांत हेच क्षणार्धात घडते. म्हणजे आपल्या यंत्रात बिघाड असेलच असे नाही. ठरावीक प्रवाह सोडणाऱ्या कोणत्याही यंत्राची ही मूळचीच मर्यादा आहे.

यावरचा पहिला तोडगा शरीराची स्थिती ओळखण्याचा होता. मोबाइल आडवा केला की पडदा फिरतो, त्यामागे जो संवेदक असतो त्याच जातीचा संवेदक यंत्रात बसवला गेला आणि अशा उपकरणाला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. प्रत्येक स्थितीसाठी किती प्रवाह हवा हे आपण शिकवायचे आणि यंत्राने ते लक्षात ठेवायचे. आडवे-उभे यासाठी ही सोय बरी आहे, पण खोकल्यापुढे तिचा उपयोग नाही, आणि आरामखुर्चीत अर्धवट रेललेल्या माणसाला बसलेला म्हणायचे की झोपलेला, याचा तिला नेमका पत्ता लागत नाही. मुख्य अडचण अशी, की हा संवेदक शरीराची स्थिती पाहतो, चेतातंतूंपर्यंत काय पोचले ते पाहत नाही.

दुसरी पद्धत, आणि बहुधा आपल्या डॉक्टरांना हीच अभिप्रेत असावी, क्लोज्ड लूप या नावाने ओळखली जाते. विजेचा स्पंद सोडल्यावर मज्जारज्जूतले जे चेतातंतू उद्दीपित होतात, ते स्वतःचा एक सामूहिक विद्युत प्रतिसाद देतात. तो मायक्रोव्होल्टमध्ये मोजावा लागतो, तर सोडलेला स्पंद काही व्होल्टचा असतो. ढोल वाजत असताना शेजारची कुजबुज टिपण्यासारखे हे काम आहे, आणि म्हणूनच कल्पना जुनी असूनही शरीरात बसवण्याजोगे यंत्र यायला इतका काळ लागला. प्रतिसाद ठरवलेल्या पातळीपेक्षा मोठा आला तर पुढच्या स्पंदात प्रवाह कमी होतो, आणि लहान आला तर वाढतो. स्पंद सेकंदाला पन्नास असतील तर दोन स्पंदांमध्ये २० मिलिसेकंदांचे अंतर असते. याचा अर्थ सुधारणा नेहमी एक पाऊल मागे असते. शिंकेचा पहिला स्पंद तसाच जातो, पण तो एवढा क्षणिक असतो की मला हलकीशी टिचकी लागल्यासारखे वाटते, पूर्वीसारखे दचकायला होत नाही.

माझ्या प्रोग्रामिंगच्या, म्हणजे यंत्राची जुळणी करण्याच्या दिवशी मला पडदा बघू दिला होता. प्रत्येक स्पंदानंतर एक लहानशी लाट उमटत होती, आधी खोल दरी आणि मग टेकडी. यंत्र जुन्या, ठरावीक प्रवाहाच्या पद्धतीवर ठेवून मला खोकायला सांगितले, तेव्हा ती दरी एकदम खोल गेली आणि त्याच क्षणी बरगड्यांखाली ओळखीचा झटका बसला. मग आपोआप जुळवणी चालू करून पुन्हा खोकायला सांगितले. या वेळी लाट जवळजवळ होती तशीच राहिली आणि खालची प्रवाहाची रेषा मात्र झपकन खाली जाऊन परत वर आली. नऊ वर्षे जे काम माझा अंगठा उशिरा आणि अंदाजाने करत होता, ते तिथे डोळ्यांसमोर होत होते.

पण ती पातळी ठरवली कोणी? मी आणि समोर बसलेल्या प्रोग्रामरने. झिणझिण्या प्रथम कुठे जाणवतात, कुठपर्यंत सुखद वाटतात आणि कुठून नकोशा होतात, हे सांगत सांगत आम्ही त्या दोन टोकांमधली एक पातळी निवडली, आणि यंत्र ती पातळी टिकवून धरते, एवढेच. पातळी चुकीची निवडली गेली तर ते चुकीची पातळीही तितक्याच इमानाने टिकवील. माझे पहिल्या वेळी असेच झाले. सगळी मापे खुर्चीत बसून घेतली, भिडेखातर मी ‘ठीक आहे’ म्हणत राहिलो, आणि तीन आठवडे सतत पायांत नकोशी गुणगुण घेऊन वावरलो. दुसऱ्या बैठकीत उभे राहून, चालून, उताणे आणि कुशीवर झोपून पुन्हा मापे घेतली, तेव्हा घडी बसली. म्हणून आपणही या बैठकीसाठी पुरेसा वेळ मागून घ्यावा आणि तिथे संकोच करू नये.

सुरक्षिततेबद्दल सांगायचे तर प्रवाहाची कमाल मर्यादा डॉक्टर ठरवतात आणि यंत्र ती ओलांडत नाही. रिमोटवरून पातळी वर-खाली करणे आणि यंत्र पूर्ण बंद करणे आपल्याच हातात राहते. मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या बाबीची. लीड जागेवरून सरकली तर जुन्या यंत्रात ते लगेच जाणवायचे, पण नवे यंत्र प्रवाह वाढवत राहून काही काळ ते झाकू शकते. त्यामुळे तपासणीच्या वेळी केवळ ‘बरे वाटते का’ यावर न थांबता प्रवाह हळूहळू चढत गेला आहे का, याची नोंद पाहायला सांगावे. शिवाय काही रुग्णांमध्ये तो प्रतिसाद स्पष्ट टिपताच येत नाही, आणि तेव्हा हेच यंत्र साध्या पद्धतीने चालवावे लागते.

फरक कितपत पडतो, याचे आकडे आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३४ रुग्णांच्या चाचणीत, जिथे कोणाला कोणती पद्धत मिळाली हे रुग्णांना वा तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते, एका वर्षानंतर वेदना निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झालेले रुग्ण क्लोज्ड लूप गटात सुमारे ८३ टक्के, तर ठरावीक प्रवाहाच्या गटात सुमारे ६१ टक्के होते. चाचणी यंत्र बनवणाऱ्या कंपनीनेच करवून घेतली होती, हेही ध्यानात ठेवावे. पद्धतशीर चाचणी म्हणून मी तिला मानतो. पण जुन्या पद्धतीचाही निम्म्याहून अधिक लोकांना फायदा झाला आणि नव्या पद्धतीचा सगळ्यांना झाला नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. या चाचणीतल्या यंत्राला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली, आणि २०२४ मध्ये दुसऱ्या एका कंपनीचे यंत्रही आले.

अशी खूण पाहून चालणारी यंत्रे दुसऱ्या आजारांसाठीही आहेत, म्हणून जाता जाता सांगतो. अपस्मारासाठी मानेतल्या व्हेगस चेतेला प्रवाह देणाऱ्या काही उद्दीपकांत हृदयाचे ठोके अचानक वाढणे ही फिट येण्याची खूण धरली जाते, कारण अनेकांना फिट येते त्या वेळी तसे होते. पण जिना भरभर चढल्यावरही ठोके वाढतात, म्हणून तिथेही किती वाढ ‘अचानक’ मानायची हे रुग्णागणिक ठरवावे लागते. कंपवातासाठी मेंदूत लीड बसवून चालवले जाणारे नवे यंत्र मेंदूतल्या १३ ते ३० हर्ट्झच्या आसपासच्या विद्युत लहरींकडे पाहते. खूण वेगळी, तरी ती मूळ त्रासाच्या जागी उभी केलेली असते, हे तिथेही खरेच आहे.

आता आपल्या बॅटरीबद्दल. आपल्या सध्याच्या लीड नव्या यंत्राला चालतील का, आणि चालल्या तरी त्यांतून प्रतिसाद मोजता येईल का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत, कारण पहिल्याचे उत्तर हो असूनही दुसऱ्याचे नाही असू शकते आणि मग नव्या यंत्राचा मुख्य लाभच मिळत नाही. लीड बदलायची झाल्यास शस्त्रक्रिया केवळ बॅटरी बदलण्यापेक्षा मोठी असते. एमआरआय लागण्याची शक्यता असेल तर नवी-जुनी जोडणी त्यासाठी चालते का, हेही आधीच विचारावे. शेवटी एक छोटी गोष्ट: आपला जुना, ठरावीक प्रवाहाचा प्रोग्राम नव्या रिमोटमध्ये पर्याय म्हणून ठेवून घ्यावा. मी तो दोन वर्षांत चारदाच वापरला, त्यातले तीनदा पहिल्या महिन्यातच.